ओव्हनच्या जाळीचे किटण

कोरमंगला ही बंगळूर शहराच्या आग्नेय भागातील मोठी वसाहत आहे. १९९७ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी खेळाडूंसाठी बांधलेली बहुमजली घरे पुढे नागरिकांच्या वस्तीसाठी देण्यात आली, तीही येथेच. नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे, आणि त्यांत काही मराठी कुटुंबेही, ह्या भागात राहतात. भट्टीत भाजलेल्या पदार्थांची आवड ह्या शहराला जुनी आहे. अय्यंगार बेकऱ्यांतील खारा बन आणि बेण्णे बिस्कीट ह्यांची चव येथे नव्याने आलेल्या माणसासही लवकरच लागते. महाराष्ट्रातील शहरांतून दिवाळीपूर्वी नानकटाईचे साहित्य डब्यात भरून बेकरीवाल्याकडे नेण्याची चाल होती. आता ती भट्टी विजेवर चालणाऱ्या लहान ओव्हनच्या रूपाने पुष्कळ घरांच्या ओट्यावर आली आहे आणि तिच्याबरोबर एक घरकामही आले आहे. बेकरीवाल्याच्या भट्टीची स्वच्छता हा बेकरीवाल्याचा प्रश्न होता. घरच्या ओव्हनची जाळी मात्र घरच्यांनाच घासावी लागते.

ही जाळी म्हणजे पोलादी गजांची चौकट. तिच्यावर पदार्थाचा ट्रे ठेवतात, किंवा मसाला लावलेले पनीर, बटाटे, कोंबडीचे तुकडे थेट तिच्यावरच भाजतात. तूप, लोणी व तेल ह्यांचे थेंब आणि शिंतोडे गजांवर पडतात. पहिल्या दिवशी ते पुसून निघण्यासारखे असतात. महिन्याभराने मात्र त्यांचा पिवळसर तपकिरी, बोटाला चिकटणारा थर बनतो आणि त्यापुढे तो काळा, कठीण व ठिसूळ होतो. भांडी घासण्याच्या नेहमीच्या साबणाने तो निघत नाही. मग तारेची घासणी, त्यानेही काम न झाल्यास बाजारातील एखादे तीव्र द्रव्य, असा क्रम बहुतेक घरांत चालू राहतो. ह्यांपैकी पहिल्या उपायाने जाळी बिघडते. दुसऱ्याने हाताला व डोळ्यांना इजा होण्याचा संभव असतो. शिवाय जाळी धुतलेले पाणी मोरीतून जाते म्हणजे नाहीसे होते असे नाही. कोरमंगल्याच्या बाबतीत ते पाणी कोठे जाते हे ठाऊक आहे, आणि त्याचा विचार ह्या लेखात पुढे येईल. प्रथम किटण म्हणजे काय ते पाहू जावे.

किटण कसे तयार होते

तूप, लोणी, तेल आणि मांसातील चरबी हे सर्व पदार्थ रासायनिक दृष्ट्या एकाच कुळातील आहेत. ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडल्या म्हणजे स्निग्ध पदार्थाचा एक रेणू होतो. ही रचना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी उलगडून दाखविली व १८२३ साली आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. (ह्या शास्त्रज्ञास एकशे दोन वर्षांचे आयुष्य लाभले, मेदाच्या अभ्यासकांस ह्याचे कौतुक वाटल्यास नवल नाही.) ह्या लांब साखळ्या पाण्यात मिसळत नाहीत. म्हणून तेलकट भांडे नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही, हा अनुभव प्रत्येकास आहे.

ताजे तेल आणि जुने किटण ह्यांत मात्र मोठा भेद आहे. ओव्हनमध्ये दोनशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान असते आणि हवाही खेळती असते. पातळ थराने पसरलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, मेदाम्लांच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात आणि सुटे रेणू न राहता त्यांचे एक विस्तीर्ण जाळे बनते. जवसाच्या तेलाचा रंग भिंतीवर किंवा चित्राच्या कापडावर वाळतो, तो ह्याच क्रियेने. वाळणे म्हणजे येथे पाणी उडून जाणे नव्हे, तर रेणू एकमेकांत गुंफले जाणे होय.

ह्याचे घरगुती उदाहरण बिडाच्या तव्याचे आहे. नवा बिडाचा तवा तेल लावून पुनःपुन्हा तापवितात. त्याने तव्यावर काळा तुळतुळीत थर धरतो आणि मग डोसा किंवा घावन त्याला चिकटत नाही. हा थर टिकावा म्हणून जाणती माणसे तवा साबणाने खसखसून घासू देत नाहीत. ओव्हनच्या जाळीवरचे किटण म्हणजे हाच थर, फक्त नको त्या जागी बसलेला. तव्यावर ज्याचे जतन करावयाचे तेच जाळीवरून काढावयाचे असते.

त्यामुळे एकाच जाळीवर तीन वयांचा मळ एकत्र नांदत असतो. सर्वांत वर ताजे, ओले तेल. त्याखाली चिकट, अर्धवट गुंफलेला थर. आणि गजांच्या सांध्यांत व जेथे उष्णता सर्वाधिक लागते तेथे जळून कोळसा झालेला भाग. पहिला साबणाने निघतो. दुसऱ्याला अल्कली आणि वेळ लागतो. तिसऱ्यावर कोणतेही सौम्य रसायन फारसे चालत नाही, कारण कोळसा विरघळत नाही. त्याच्या बुडचा चिकट थर सैल करून तो खरवडावा लागतो. सर्व मळ एकाच उपायाने घालविण्याचा प्रयत्न केला म्हणजे श्रम वाया जातात, ते ह्या कारणाने.

राख, लोणार आणि सोडा

गॅस व बाटलीतील साबण येण्यापूर्वी भांडी चुलीतील राखेने व नारळाच्या काथ्याने घासली जात. हा उपाय अडाणीपणाचा नव्हता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि ओल्या राखेचे पाणी त्यामुळे चांगलेच अल्कधर्मी होते. अल्कली व स्निग्ध पदार्थ एकत्र आले म्हणजे ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लांचे क्षार, म्हणजे साबण, तयार होतो. म्हणजे राखेने तुपकट भांडे घासणारा माणूस भांड्यावरच थोडासा साबण बनवीत असे. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळूरात साबणाचा कारखाना काढला, त्यातही मोठमोठ्या कढयांत हीच क्रिया चाले. फरक प्रमाणाचा आणि चंदनाच्या तेलाचा.

राखेची जागा आज धुण्याच्या सोड्याने घेता येते. त्याचे रासायनिक नाव सोडियम कार्बोनेट. निसर्गात तो क्षारयुक्त सरोवरांत आढळतो. महाराष्ट्रातील त्याचे प्रसिद्ध स्थान म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या ह्या विवरातील पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. तेथील क्षार पूर्वी उन्हाळ्यात गोळा केला जाई. त्याच्या निरनिराळ्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ ह्या ग्रंथातही लोणारच्या परिसरात साबण व काच ह्यांना लागणारे द्रव्य मिळते असा उल्लेख आहे. पापडाच्या पिठात पडणारा पापडखार ह्याच कुळातला. बेल्जियमच्या एर्न्स्ट सोल्व्हे यांनी १८६१ साली मीठ व चुनखडी ह्यांपासून सोडा बनविण्याची रीत शोधली तेव्हापासून सरोवरांवरचे अवलंबित्व कमी झाले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मिठापूर येथे १९३९ साली स्थापन झालेला कारखाना भारतातील सोड्याचे एक मोठे केंद्र आहे.

धुण्याचा सोडा बाजारात दोन रूपांत मिळतो आणि खरेदी करणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवलेला बरा. पारदर्शक खड्यांच्या सोड्यात वजनाच्या जवळजवळ दोनतृतीयांश भाग पाणी असते. कोरड्या पांढऱ्या भुकटीत ते नसते. म्हणून जेथे शंभर ग्रॅम भुकटी पुरते तेथे खडे सुमारे पावणेतीनशे ग्रॅम घ्यावे लागतात.

खाण्याचा सोडा ही निराळी वस्तू आहे. ते सोडियम बायकार्बोनेट. त्याचे पाणी फारच थोडे अल्कधर्मी असते. म्हणूनच तो पोटात घेता येतो आणि म्हणूनच किटणावर त्याचा प्रभाव कमी पडतो. घरगुती सल्ल्यांत ‘सोडा लावा’ असे मोघम सांगितलेले असते आणि बहुतेक जण स्वयंपाकघरात हाताशी असलेला खाण्याचा सोडा लावतात. त्याच्या बारीक कणांमुळे घासण्यास थोडी मदत होते, एवढेच. मात्र खाण्याच्या सोड्यापासून धुण्याचा सोडा घरीच करता येतो, आणि त्यासाठी लागणारे साधन म्हणजे ज्याची जाळी धुवावयाची तो ओव्हनच. स्टीलच्या ताटलीत खाण्याचा सोडा पातळ पसरून दोनशे अंशांवर तासभर तापविला असता त्यातून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. शाळेतील विद्यार्थ्यांनी हा प्रयोग तराजूसह करून पाहण्यासारखा आहे. शंभर ग्रॅम सोडा तापविला तर क्रिया पूर्ण झाल्यावर सुमारे त्रेसष्ट ग्रॅम उरला पाहिजे. अधिक उरला तर तो अजून पुरता भाजला गेलेला नाही असे समजावे.

दोहोंतील फरक डोळ्यांनी पाहावयाचा असल्यास हळद पुरेशी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. साध्या पाण्याचा थेंब टाकलेली पट्टी पिवळीच राहील, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दुसरीवर फिकट तांबूस छटा येईल आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तिसरी गडद लाल होईल. जो सोडा हळदीला लाल करील तो किटणाला सैल करील, एवढी खूण ध्यानात ठेवण्यास सोपी आहे.

जाळी धुण्याची रीत

प्रथम ओव्हनचे बटण बंद करून विजेची पिन काढावी आणि जाळी पूर्ण थंड होऊ द्यावी. जाळी बाहेर घेऊन जुन्या वर्तमानपत्राने कोरडीच पुसावी. ही पायरी क्षुल्लक वाटते व बहुधा गाळली जाते. परंतु सुटे तेल जेवढे कागदावर येईल तेवढे पुढे सोड्याला व साबणाला कमी काम राहते, आणि गटारातही तेवढे कमी जाते. तेलकट झालेला हा कागद मात्र पुनर्वापरासाठी वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या रद्दीत मिसळू नये.

नंतर भिजविणे. लहान ओव्हनची जाळी कपडे धुण्याच्या टबात आडवी मावते. दहा लिटर गरम पाण्यात शंभर ते दीडशे ग्रॅम सोड्याची भुकटी आणि भांड्यांच्या पातळ साबणाचा एक मोठा चमचा घालून त्यात जाळी पूर्ण बुडवावी व रात्रभर ठेवावी. पाणी साठ अंशांच्या आसपास असावे, म्हणजे त्यात हात घालता येत नाही पण ते उकळतही नाही. उष्णतेने दोन गोष्टी साधतात. गोठलेले तूप व चरबी वितळतात, आणि रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. उरलेले काम वेळ करतो. अल्कलीला गुंफलेल्या थरात शिरून जोड तोडण्यास काही तास लागतात, आणि हे तास द्यावयास जे तयार नसतात त्यांनाच तीव्र द्रव्यांकडे वळावे लागते.

मोठी जाळी टबात मावत नसेल, किंवा पाणी बेताचे असेल, तर दुसरी रीत अधिक चांगली. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरातील हजारो विंधन विहिरी आटल्या होत्या व टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले होते. अशा शहरात टबभर पाणी सहज वापरण्याजोगे नसते. दोन लिटर गरम पाण्यात पन्नास ते साठ ग्रॅम सोडा व चमचाभर साबण विरघळवून त्यात जुना पंचा किंवा सुती चादरीचा तुकडा भिजवावा. तो जाळीभोवती सर्व बाजूंनी नीट गुंडाळावा, वरून प्लास्टिकचा कागद लपेटावा म्हणजे ओल टिकते, आणि सकाळपर्यंत तसेच राहू द्यावे. गजांना सोड्याचे पाणी सतत लागून राहते आणि पाणी खर्च होते ते एकपंचमांश. दोन्ही रीतींत रबरी हातमोजे घालणे आवश्यक आहे. सोड्याचे पाणी त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धतेवरही तीच क्रिया करते जी जाळीवरील तेलावर करते, आणि हात कोरडे पडून भेगाळतात.

सकाळी बहुतेक चिकट थर मऊ होऊन सुटलेला आढळतो. नारळाचा काथ्या किंवा प्लास्टिकची घासणी घेऊन गजाच्या लांबीच्या दिशेने घासावे. सांध्यांतील कोळसा लाकडी कालथ्याच्या कडेने किंवा बांबूच्या चपट्या काडीने खरवडावा. काही जण पदार्थ गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून त्याच्या गोळ्याने घासतात. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असल्याने गजांवर चरे पडत नाहीत, तेव्हा ही युक्ती चांगलीच म्हणावयास हवी. परंतु ती जाळीवरचे सोड्याचे पाणी धुऊन टाकल्यानंतर वापरावी. त्याचे कारण पुढे येत आहे. एका रात्रीत काही डाग राहिले तर दुसऱ्या रात्री पुन्हा भिजवावे. अनेक महिन्यांचा थर एका दिवसात निघावा हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

शेवटी जाळी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसावी, कारण जेथे मुलामा उडाला असेल तेथे ओल राहून गंज धरतो.

पाण्याविषयी थोडे

एकाच साबणाने एका घरी फेस येतो आणि दुसऱ्या घरी येत नाही, ही गोष्ट बंगळूरात नित्य अनुभवास येते. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरील तोरेकाडनहळ्ळीहून पंपांनी उपसून चढवून आणावे लागते, कारण शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. ते जेथे पुरत नाही तेथे विंधन विहिरींचे व टँकरचे पाणी वापरतात. जमिनीखालील पाण्यात खडकांतून विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार बरेच असतात. असे पाणी जड होय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमधील कठिणता दोनशे मिलिग्रॅमपर्यंत असावी, अन्य सोय नसल्यास सहाशेपर्यंत चालते. जड पाण्यात साबणाचा काही भाग ह्या क्षारांशी संयोग पावून पांढरट चोथा होतो आणि तो जाळीवरच बसतो. धुण्याचा सोडा प्रथम ह्या क्षारांना खाली बसवितो आणि मग किटणाकडे वळतो. म्हणून विंधन विहिरीचे पाणी असलेल्या घरात सोडा थोडा अधिक घ्यावा आणि तो विरघळून पाच-दहा मिनिटे झाल्यावर मगच साबण घालावा.

व्हिनेगरचा गैरसमज

सोडा व व्हिनेगर एकत्र करून फसफसणारे मिश्रण जाळीवर ओतावे, हा उपाय फार लोकप्रिय आहे. व्हिनेगरऐवजी कोठे लिंबू सांगतात. फसफसणे पाहून मोठे काही कार्य घडत आहे असे वाटते. प्रत्यक्षात अम्ल व अल्कली परस्परांचा नाश करतात. उरते ते सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचे पाणी. वायू उडून जातो. किटण काढण्यासाठी सोड्याची अल्कलीच हवी असते आणि तीच ह्या मिश्रणात संपविली जाते. बुडबुड्यांनी एखादा सुटा कण हलत असेल, परंतु गुंफलेल्या थराला त्याचे काही नाही. व्हिनेगर व लिंबू निरुपयोगी आहेत असा ह्याचा अर्थ नव्हे. जड पाण्याने गजांवर पांढरे डाग पडले असतील तर सोडा पूर्ण धुऊन झाल्यावर लिंबाची फोड फिरविल्याने ते निघतात. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. त्यांची भेट घडविणे तेवढे टाळावे.

काय करू नये

ॲल्युमिनियमचे ट्रे व साचे सोड्याच्या पाण्यात भिजवू नयेत. ॲल्युमिनियमचे हवेपासून रक्षण करणारा त्याच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा अल्कलीत विरघळतो, उघडी पडलेली धातू काळवंडते व तिच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागतात. जाळी धुताना त्याच टबात केकचा साचाही टाकण्याचा मोह होतो आणि सकाळी साचा काळा झालेला दिसतो. मुलामा दिलेल्या जाळीवर तारेची घासणी वापरू नये. चमक जाते, आणि पुढच्या खेपेस तेल त्या चऱ्यांतच अधिक घट्ट बसते. ओव्हनमधील तापणाऱ्या कांड्यांवर पाणी किंवा सोडा जाऊ देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना कॉस्टिक सोड्याविषयी आहे. तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या भुकटीत आणि ओव्हन धुण्याच्या कित्येक फवाऱ्यांत तो असतो. वेष्टनावर सोडियम हायड्रॉक्साइड हे नाव पाहावे. तो किटण झपाट्याने काढतो ह्यात शंका नाही. परंतु तेलाचा साबण करणारे हेच द्रव्य त्वचेच्या व डोळ्याच्या मऊ भागांवरही तशीच क्रिया करते. अम्लाने भाजते त्यापेक्षा हे भाजणे अधिक खोल जाते आणि प्रारंभी दुखतही नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाण्याचा संभव असतो. भुकटीवर पाणी ओतले तर इतकी उष्णता उत्पन्न होते की द्रावण उसळून अंगावर येते. जाळीसारख्या वस्तूसाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. अपघात झालाच तर डोळा वा त्वचा नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा ते वीस मिनिटे सतत धरावी आणि तत्काळ डॉक्टरकडे जावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावून तोड करू पाहू नये. अमोनियाच्या वाफेत जाळी रात्रभर कोंडून ठेवण्याची रीत काही देशांत सांगतात, पण बंद खोल्यांच्या सदनिकेत ती त्याज्य होय. शौचालयाचे अम्ल आणि ब्लीचिंगचे द्रव्य कोणत्याही धुण्यात एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मोरीपलीकडचा प्रवास

बंगळूर शहर एका उंचवट्यावर वसले असून त्याचे पाणी निरनिराळ्या खोऱ्यांनी खाली वाहते. त्यांतील एकाचे नावच कोरमंगला-चल्लघट्ट खोरे असे आहे. ह्या खोऱ्याने वाहणारे पाणी आग्नेयेकडील बेळ्ळंदूर सरोवरात पोचते, तेथून वर्तूर सरोवरात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. बेळ्ळंदूर हे शहरातील सर्वांत मोठे सरोवर. त्याचा विस्तार सुमारे नऊशे एकर. मे २०१५ मध्ये ह्या सरोवराच्या फेसाने पेट घेतल्याचे दृश्य देशाने पाहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये व पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये सरोवराच्या परिसरात आग लागली आणि शेवटच्या वेळी ती विझविण्यास सैनिकांना पाचारण करावे लागले. पावसाळ्यात सरोवराचा पांढरा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर येई व वाहतूक अडे.

हा फेस येतो कोठून, ह्याचा अभ्यास बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला. पुरेशी प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातून कपड्यांच्या व भांड्यांच्या साबणांतील फेसकारक द्रव्ये सरोवरात येतात. त्यांचा काही भाग जंतूंकडून विघटन पावतो, उरलेला गाळाबरोबर तळाशी बसून साठत जातो. जोराचा पाऊस आला की हा साठा ढवळून निघतो आणि पाणी जेथे उंचावरून पडते तेथे फेसाचे डोंगर उभे राहतात. पाण्यातील गाळाचे कण व जंतू त्या फेसाला टिकाऊपणा देतात. साबणाच्या भुकटीत फॉस्फेट असेल तर तो पाण्यातील वनस्पतींना खतासारखा लाभतो आणि जलपर्णी माजते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ह्या प्रकरणी लक्ष घातल्यावर सांडपाणी अडविण्याचे, शुद्धीकरणाचे व गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. २०१८ पासून ह्याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत, भूजल वाढावे म्हणून, सोडण्यात येते. म्हणजे कोरमंगल्याच्या मोरीत जे पडते त्याचा अंश आता दुसऱ्या जिल्ह्याच्या विहिरींशीही संबंधित झाला आहे.

एका घरच्या एका जाळीने सरोवर पेटत नाही, हे उघड आहे. परंतु सरोवरात आलेली द्रव्ये अशाच लहान लहान मोऱ्यांतून आली. ह्या दृष्टीने उपायांची तुलना केली तर सोडा पुष्कळ निरुपद्रवी ठरतो. त्याने स्वतः फेस होत नाही, त्यात फॉस्फेट नसतो, आणि भरपूर पाण्यात मिसळल्यावर त्याची तीव्रता झपाट्याने कमी होते. त्याने पाण्यातील क्षार वाढतात हे खरे. म्हणून तोही मोजूनच घ्यावा. एक चमचा साबणाने जे होते त्यासाठी चार चमचे ओतू नयेत, कारण वाढीव साबणाने किटण अधिक निघत नाही, फक्त फेस अधिक होतो. ज्या गृहसंकुलांची स्वतःची सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा आहे तेथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ह्या यंत्रणेत घाण पचविण्याचे काम जिवंत जंतू करतात. कॉस्टिक सोड्याच्या व ब्लीचिंगच्या मोठ्या मात्रेने ते मरतात आणि यंत्रणा काही काळ निकामी होते.

तेलाचा प्रश्न निराळाच. गरम पाण्याबरोबर वितळून गेलेले तूप व चरबी नळात थोड्याच अंतरावर थंड होऊन भिंतीला चिकटते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली असा साका सापडला. त्याची लांबी अडीचशे मीटर व वजन सुमारे एकशे तीस टन होते आणि तो फोडून काढण्यास कामगारांना कित्येक आठवडे लागले. जाळी प्रथम वर्तमानपत्राने कोरडी पुसावी असे वर सांगितले आहे, त्याचे अर्धे कारण येथे आहे.

किटण बसूच नये म्हणून

ताज्या तेलाचे किटण होण्यास पुन्हा तापणे आवश्यक असते. म्हणून प्रत्येक वेळी भाजणे संपल्यावर ओव्हन कोमट असतानाच, अर्थात पिन काढून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने जाळी पुसली तर वर्षभर सोड्याची गरज पडू नये. तेल गळणारा पदार्थ जाळीवर थेट भाजावयाचा असेल तर खालच्या खणात ट्रे ठेवून त्यात पाण्याचा पातळ थर घालावा. गळणारी चरबी पाण्यात पडते, जळत नाही, आणि धूरही कमी होतो. भाजणे झाल्यावर हे पाणी थंड होऊ द्यावे. वर साकळलेली चरबी चमच्याने उचलून कागदावर घ्यावी, आणि मग खालचे पाणी मोरीत सोडावे.